काला चबुतरा ते चिकलठाणा: एका सोनेरी जंतूचा इतिहास

औरंगाबादच्या क्रांती चौकाला हे नाव का पडले, असे विचारले तर बरेच जण पुतळ्याकडे पाहतात. नाव त्याहून जुन्या गोष्टीमुळे आहे. जून 1857 मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाने इथल्या छावणीत बंड केले. आपल्याला दिल्लीच्या बादशहावर चालून जायला लावणार, अशी कुणकुण स्वारांना लागली होती आणि ते त्यांना कबूल नव्हते. बंड मोडायला पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली. मीर फिदा अली या दफेदाराने आपल्या कॅप्टनवर गोळी झाडली. ती लागली नाही, पण फिदा अलीला फासावर चढवले गेले. इतर काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिले. त्या जागेला लोक काला चबुतरा म्हणत. आजचा क्रांती चौक तोच.

या चौकातून जालना रोडने पूर्वेला निघालो, मोंढा नाका, आकाशवाणी, सिडको, मुकुंदवाडी मागे टाकली की चिकलठाण्याची एमआयडीसी लागते. तिथे वोक्हार्ट कंपनीचे संशोधन केंद्र आहे. जानेवारी 2020 मध्ये भारताच्या औषध महानियंत्रकांनी त्या केंद्रात घडलेल्या एका नव्या अँटिबायोटिकला मंजुरी दिली. 'एमरॉक' या नावाने ते बाजारात आले, इंजेक्शन आणि गोळी अशा दोन्ही रूपांत. कातडीच्या आणि कातडीखालच्या गंभीर जंतुसंसर्गासाठी, त्यातही औषधांना न जुमानणाऱ्या एका जंतूसाठी. शहराच्या नावावरून गेल्या काही वर्षांत जेवढा आरडाओरडा झाला, त्याच्या शंभराव्या हिश्श्यानेही या औषधाची चर्चा इथे झाली नाही. शिवाय दोन महिन्यांत कोरोना आला आणि ती बातमी त्याखाली गाडली गेली.

तो जंतू मात्र कोरोनाच्या फार आधीपासून आपल्या घरात आहे. अगदी नाकात आहे. दर दहा माणसांमागे साधारण तीन जण तो नाकपुडीच्या कातडीवर बाळगून हिंडतात आणि त्यांना काही होत नाही. 1880 च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनचे शल्यचिकित्सक अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवाचा पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा त्यांना द्राक्षाच्या घडासारखे गोल जंतू दिसले. द्राक्षाच्या घडाला ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्यावरून नाव पडले स्टॅफिलोकॉकस. पुढे जर्मनीच्या रोझेनबाखने त्याची सोनेरी जात वेगळी केली, ती ऑरियस. डॉक्टर लोक थोडक्यात स्टॅफ म्हणतात. आपण त्याला त्याच्या कामांवरून ओळखतो: केसतोड, गळू, रांजणवाडी, काळपुळी.

काळपुळीने माणसे मरत असत हे आता आपल्याला खरे वाटत नाही. उस्मानी सुलतान पहिला सलीम, ज्याने सीरिया आणि मिसर जिंकून घेतले, तो सप्टेंबर 1520 मध्ये एदिर्नेच्या वाटेवर वारला. उस्मानी बखरकार त्याच्या पाठीवरच्या फोडाला जो शब्द वापरतात तो आहे 'शिरपेंचे'. मूळ फारसी शीरपंजा, म्हणजे सिंहाचा पंजा. उर्दू कानाला तो लगेच कळतो. तो फोड नक्की कोणत्या जंतूचा होता यावर इतिहासकारांत वाद आहे, पण शब्द कसा अचूक आहे पाहा. पाठीवर एकाशेजारी एक अनेक तोंडे असलेला, पंज्याने ओरबाडल्यासारखा फोड. त्या काळचा सर्वांत बलाढ्य बादशहा त्याच्यापुढे काही करू शकला नाही.

आपल्याकडे यावर जर्राह होते. गळू पिकू द्यायचे, पोटीस बांधायचे, पिकले की चिरा देऊन पू काढायचा. जुन्या मोहल्ल्यांत म्हाताऱ्यांच्या तोंडी हा शब्द अजून येतो. त्यांचा चाकू स्वच्छ नसे आणि त्यापायी किती जीव गेले असतील याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण तत्त्व बरोबर होते. आजही साध्या गळवावर पहिला इलाज चिरा देऊन पू काढणे हाच आहे, औषधाचा नंबर नंतर. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढच्या सगळ्या गोष्टीत आपण हेच विसरत गेलो.

1928 मध्ये लंडनच्या सेंट मेरी हॉस्पिटलात अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी पडली आणि तिच्याभोवतीचे जंतू विरघळले, ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. त्या बशीतले जंतू स्टॅफचेच होते, हे सहसा सांगितले जात नाही. पेनिसिलिनचा जन्मच या सोनेरी जंतूच्या मरणातून झाला. फेब्रुवारी 1941 मध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला ते पहिल्यांदा उपचार म्हणून टोचले गेले. त्याच्या तोंडावर आणि डोक्यावर फोड पसरले होते, एक डोळा काढावा लागला होता. औषधाने तो उठून बसला. पण औषध एवढे थोडे होते की त्याच्या लघवीतून ते परत गाळून घेऊन पुन्हा टोचावे लागले. तेही संपले आणि मार्चमध्ये तो वारला.

मग ते मुबलक झाले, आणि दुसरी गोष्ट सुरू झाली. 1942 मध्येच पेनिसिलिनला दाद न देणारा स्टॅफ सापडला होता. लंडनच्या एका हॉस्पिटलात मेरी बार्बर या डॉक्टर बाईंनी वर्षावर्षाने हिशेब मांडला: 1946 मध्ये शंभरातले 14 स्टॅफ प्रतिकार करणारे, 1947 मध्ये 38, 1948 मध्ये 59. दोन वर्षांत चौपट. जंतूने काही नवीन विद्या शिकली असे नव्हे. पेनिसिलिन तोडणारे विकर ज्यांच्याकडे आधीच होते ते थोडे जंतू जगले, बाकीचे मेले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत जगलेल्यांची पिलावळ वाढली. औषध जितके जास्त, तितकी ही निवड वेगाने. 1945 च्या नोबेल भाषणात फ्लेमिंग यांनी हेच बजावले होते: कमी मात्रेत घेतलेले औषध जंतूला मारत नाही, पढवून ठेवते.

आपल्या महाराष्ट्राचा यात प्रवेश होतो तो इथे. पुण्याजवळ पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. 1955 पासून तिथे पेनिसिलिन निघू लागले. नव्या देशाला ते दान म्हणून नको होते, स्वतः करायचे होते, आणि ते केले. पिंपरीच्या त्या कारखान्याबद्दल मला आजही आदर वाटतो. फक्त काळाची एक थट्टा नोंदवून ठेवतो: आपण पेनिसिलिन बनवायला लागलो तेव्हा युरोपातल्या हॉस्पिटलांतला निम्म्याहून अधिक स्टॅफ त्याच्या हाताबाहेर गेलेला होता.

त्याच दशकात 80/81 या आकड्याने ओळखला जाणारा एक प्रकार जगभर पसरला. ऑस्ट्रेलियातल्या बाळंतिणींच्या वॉर्डात तो आधी दिसला. नवजात बाळाच्या अंगावर पुरळ, मग आईच्या स्तनाला गळू, मग घरी गेल्यावर थोरल्या भावंडांना फोड. हॉस्पिटलचा जंतू म्हणून सुरू झालेली गोष्ट घराच्या उंबऱ्याच्या आत आली. 1960 च्या सुमारास मेथिसिलिन हे नवे औषध आले आणि हा प्रकार मागे हटला. सगळ्यांना हायसे वाटले. पण 1961 मध्येच पॅट्रिशिया जेव्हन्स या इंग्रज संशोधक बाईंनी कळवले, की गिल्डफर्डच्या हॉस्पिटलातून आलेल्या नमुन्यांत मेथिसिलिनलाही न मानणारा स्टॅफ आहे. एमआरएसए हे नाव त्याचेच.

याची युक्ती वेगळी होती. पेनिसिलिनच्या घराण्यातली औषधे काय करतात, तर जंतूची भिंत बांधणाऱ्या गवंड्याचे हात बांधतात. भिंत अर्धवट राहते आणि जंतू फुटतो. एमआरएसएने बाहेरून एक जनुक मिळवून दुसराच गवंडी कामाला लावला, ज्याचे हात या दोरीने बांधताच येत नाहीत. त्यामुळे एक औषध नाही, त्या घराण्यातली जवळजवळ सगळीच निकामी झाली. अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन, सेफिक्झिम, सगळी.

तीस वर्षे हा हॉस्पिटलचा रोग समजला गेला. मग 1990 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या आडवळणाच्या आदिवासी वस्त्यांत तो सापडला, जिथली माणसे हॉस्पिटलात गेलेलीच नव्हती. अमेरिकेत 1997 ते 1999 या काळात मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटात चार मुले दगावली. कुणीही आधी दवाखान्यात दाखल नव्हते. डॉक्टरांनी नेहमीची औषधे दिली आणि ती लागू पडली नाहीत. पुढे तुरुंगांत, सैनिकांच्या बराकींत, फुटबॉल खेळाडूंत त्याच्या साथी आल्या. हा स्टॅफ हॉस्पिटलमधून पळून आलेला नव्हता. समाजात राहणाऱ्या, तगड्या, विष सोडणाऱ्या स्टॅफनेच नवा गवंडी मिळवला होता. त्या पॅसिफिक भागातल्या एका प्रकाराची जनुके तपासली तेव्हा तो जुन्या 80/81 चा वंशज निघाला. म्हणजे 1960 मध्ये हरलेला शत्रू चाळीस वर्षांनी नवे हत्यार घेऊन परत आला.

आणि आपल्याकडे? शास्त्रज्ञांनी 'बेंगाल बे क्लोन' असे नाव दिलेला एक प्रकार आहे. त्याच्या जनुकांची वंशावळ लावली, तर मूळ भारतीय उपखंडात जाते. अनेक औषधांना एकाच वेळी न जुमानण्याची ताकद त्याने 1990 च्या दशकात मिळवली. इथून तो प्रवासी आणि नातेवाईक यांच्या अंगावरून युरोप, आखात, ऑस्ट्रेलियापर्यंत गेला. तो मेथिसिलिनला जुमानत नाहीच, आपल्या बाजारात सर्रास मिळणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि एरिथ्रोमायसिनलाही बहुधा जुमानत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देखरेखीखालील मोठ्या हॉस्पिटलांत 2016 मध्ये शंभरातले 28 स्टॅफ एमआरएसए होते, 2021 मध्ये 42. हे आकडे हॉस्पिटलांचे. गल्लीतल्या दवाखान्यात फोड घेऊन आलेल्या माणसाचा पू तपासणीला पाठवतो कोण?

चिकलठाण्यातले काम या पार्श्वभूमीवर पाहायला हवे. वोक्हार्ट ही हबील खोराकीवाला यांची कंपनी, 1967 मध्ये सुरू झालेली. खोराकीवाला दाऊदी बोहरा. आपल्या समाजातल्या उद्योजकांची यादी काढताना आपण अत्तर, चामडे आणि बिर्याणीच्या पुढे जात नाही, म्हणून हे नाव इथे मुद्दाम घेतो. जगातल्या बड्या कंपन्या एकामागून एक अँटिबायोटिकच्या संशोधनातून बाहेर पडत होत्या, कारण त्यात पैसा नाही. रक्तदाबाची गोळी माणूस जन्मभर घेतो, अँटिबायोटिक दहा दिवस. शिवाय नवे अँटिबायोटिक चांगले असेल तर डॉक्टर ते राखून ठेवतात, म्हणजे खप आणखी कमी. अमेरिकेतल्या अकेओजेन या कंपनीच्या नव्या अँटिबायोटिकला 2018 मध्ये मान्यता मिळाली आणि 2019 मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. अशा धंद्यात औरंगाबादची प्रयोगशाळा वीसेक वर्षे चिकाटीने राहिली.

औषधाचे मूळ जपानमधले. तिथल्या ओत्सुका कंपनीने मुरमांवर लावायच्या मलमासाठी नॅडिफ्लॉक्सॅसिन नावाचे रसायन काढले होते. या रसायनाच्या रेणूची दोन रूपे असतात, डाव्या-उजव्या हातमोज्यांसारखी. चिकलठाण्यात त्यातले एकच, जास्त कामाचे रूप घेतले आणि ते रक्तातून देता येईल असे केले. नाव लेव्होनॅडिफ्लॉक्सॅसिन. पोटातून शोषले जाईल असे त्याचे दुसरे रूप केले, ती गोळी. गळवाच्या आत आम्लता वाढते आणि अनेक औषधे तिथे ढिली पडतात. हे औषध तिथे उलट जास्त चालते. सुमारे 500 रुग्णांवर भारतातच त्याची चाचणी झाली.

म्हणून ती कंपनी दुधाने धुतलेली आहे असे नाही. 2013 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिच्या वाळूज आणि नंतर चिकलठाणा इथल्या कारखान्यांतून होणाऱ्या आयातीवर बंदी घातली होती, उत्पादनाच्या दर्जाच्या आणि नोंदींच्या प्रश्नावरून. एकाच शहरात, एकाच कंपनीच्या छताखाली ही नामुष्कीही घडली आणि हे संशोधनही. इतिहास लिहायचा तर दोन्ही लिहावे लागते. आपला माणूस म्हणून एक गाळायचे आणि दुसरे मिरवायचे, हा उद्योग आपल्याकडे सगळेच समाज करतात.

मला खरी काळजी वाटते ती गोळीची. एमआरएसएवर आधीपासून असलेले भरवशाचे औषध, व्हँकोमायसिन, शिरेतून द्यावे लागते. त्यासाठी सिल्लोडच्या किंवा कन्नडच्या शेतमजुराने घाटीत येऊन खाटेवर पडून राहायचे, रोज बुडवायचा. गोळी असली तर तो घरी जाऊ शकतो. ही फार मोठी सोय आहे. पण जी गोष्ट घरी नेता येते ती काउंटरवर मागताही येते. मागच्या उन्हाळ्यात एका मेडिकलवर उभा असताना शेजारच्या रिक्षावाल्याने मानेवरचा फोड दाखवला आणि म्हणाला, "भाई, फोड़ा हुआ है, दो दिन की गोल्यां दे देव." दुकानदाराने पट्टीतून चार गोळ्या कापून दिल्या. सेफिक्झिम होती. ती साध्या, औषधाला मानणाऱ्या स्टॅफवरसुद्धा धड चालत नाही. चिरा कुणी दिला नाही, पू कुणी पाहिला नाही. फोड बहुधा आपोआप फुटला असेल आणि श्रेय गोळीला मिळाले असेल.

त्या रिक्षावाल्याला दोष देणे सोपे आहे. डॉक्टरची फी, पू तपासणीचा खर्च, दिवसभराचे बुडालेले भाडे, हा हिशेब त्याने आपल्यापेक्षा नीट केलेला असतो. मार्च 2014 पासून एच-1 नावाची यादी लागू आहे. तिच्यातली अँटिबायोटिके चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत आणि विकल्याची नोंद तीन वर्षे ठेवायची, असा नियम आहे. नियम चांगला आहे. पेनिसिलिनच्या बाबतीत जे दोन-चार वर्षांत झाले ते या गोळीच्या बाबतीत किती वर्षांत होईल, हे त्या नोंदवहीत काय लिहिले जाते यावर ठरेल, चिकलठाण्यातल्या काचपात्रांत काय आहे यावर नव्हे.

दुसरी गोष्ट पाण्याची. समाजात पसरणाऱ्या एमआरएसएला काय लागते, याची पाच कारणे अमेरिकेतले डॉक्टर सांगतात: गर्दी, अंगाला अंग लागणे, कातडीवरची जखम, सामायिक वस्तू आणि स्वच्छतेचा अभाव. यातले एकही औषधाच्या दुकानात मिळत नाही. ही यादी वाचताना मला एका खोलीत सात माणसे झोपणारी घरे, एकाच वस्तऱ्याने चालणारी न्हाव्याची टपरी आणि तालमीतली माती आठवली.

मलिक अंबर, जो हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आला आणि ज्याने 1610 मध्ये खडकी वसवली, त्याने काही वर्षांतच डोंगरातले झिरपे जमिनीखालच्या नळांतून शहरात आणले. नहर-ए-अंबरी. पाणी मोहल्ल्यामोहल्ल्यांतल्या हौदांत पडे, फक्त महालात नव्हे. चारशे वर्षांनंतर जायकवाडीसारखे धरण जवळ असूनही याच शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. ज्या घरात बादली मोजून वापरावी लागते तिथे गळवावरची पट्टी रोज बदला, हात साबणाने धुवा, फोड असलेल्याचा टॉवेल वेगळा गरम पाण्यात धुवा, हा सल्ला म्हणजे चेष्टा ठरते.

कुणी म्हणेल, आपण पाच वेळा वुजू करतो, नाकात पाणी घेतो, आपल्याला कशाची भीती? नाकपुडीच्या कातडीला चिकटून राहिलेला स्टॅफ पाण्याने जात नाही, हे एक. दुसरे, वुजू झाल्यावर आपण काय करतो ते पाहावे. आमच्या मशिदीच्या वुजूखान्यात खिळ्याला एक टॉवेल असायचा. फजरपासून इशापर्यंत शे-दीडशे माणसे त्याला तोंड पुसत. मागच्या रमजानच्या आधी हा विषय मी कमिटीपुढे काढला, तेव्हा एका बुजुर्गांनी सुनावले, "बेटा, चाळीस साल से पोंछ रहे हैं." तरी टॉवेल काढला गेला. आता लोक खिशातला रुमाल वापरतात किंवा तसेच ओल्या हातांनी सफमध्ये उभे राहतात. हौदासाठी आठवड्याला दोन टँकर लागतात, त्याचा खर्च जुम्याच्या चंद्यातून जातो.